टाटा ४०७ : आंबा घाटात काटा लालवर जातो, रेडिएटरला इलेक्ट्रिक फॅन लावू का?

पालीकर४०७

नमस्कार मंडळी. गाडी टाटा ४०७, २०१४ ची, टर्बो इंटरकूलरवाली (म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणारी वेगळी जाळी असलेली), एसी नाही. सीझनला आंब्याच्या पेट्या, एरवी चिरा. मार्ग ठरलेला : पाली, साखरपा, आंबा घाट, मलकापूर, कोल्हापूर.

साखरप्यापर्यंत टेंपरेचरचा काटा मध्यावर शांत असतो. घाट सुरू झाला, गाडी दुसऱ्या गियरला आली की चढायला लागतो आणि वरच्या वळणांवर लाल रेषेला टेकतो. वर आंब्याला गाडी बाजूला घेऊन इंजिन तसंच चालू ठेवलं की पाचदहा मिनिटांत परत जागेवर. रेडिएटरचं रॉडिंग (नळ्या आतून सळईने साफ करणं) दिवाळीत झालंय, थर्मोस्टॅट वॉल नवीन, पाणी कमी होत नाही, बुडबुडे येत नाहीत.

कोल्हापुरात एका दुकानदाराने १२ इंची दोन इलेक्ट्रिक फॅनचा सेट दाखवला. म्हणतो, "इंजिनवरचा फॅन काढून फेकून द्या, हे लावा, गाडी थंड राहील आणि डिझेलपण वाचेल." बसवू का? आणि बसवायचे तर वायरिंग कसं करायचं? आमच्या इथला वायरमन म्हणतो स्विच टाकून थेट जोडतो.

घाटमाथा

समोर ग्रिलवर देवीची मोठी पाटी लावली असेल तर आधी ती वर केबिनवर घ्या. मस्करी नाही करत. अर्धी जाळी झाकून फिरणाऱ्या गाड्या रोज बघतो.

उचगाव_ऑटोइलेक्ट्रिक

पालीकर, उचगावात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. फॅन बसवायचे पैसे मला मिळतात, तरीही सांगतो : इंजिनवरचा फॅन काढू नका.

सपाटीला साठच्या वर गाडी असली की वारा आपोआप जाळीतून जातो, तिथं फॅन असला काय नि नसला काय. घाटात सगळं उलटं. वेग पंधरा-वीस, समोरून वारा नाही आणि इंजिन मात्र पूर्ण जोरात. उन्हाळ्यात वर तापलेली हवा. अशा वेळी सगळी मदार फॅनवर. इंजिनचा फॅन बेल्टवरून कित्येक घोड्यांची ताकद घेऊ शकतो आणि तेवढी हवा ओढतो. १२ इंची इलेक्ट्रिक फॅन धावताना ८ ते १० अँपिअर घेतो. बारा व्होल्टने गुणा, शंभर-सव्वाशे वॅट झाले. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे दोन्ही फॅन मिळून एका घोड्याचा तिसरा हिस्सासुद्धा भरत नाही! बॉक्सवर हवेचा जो मोठा आकडा छापलेला असतो तो मोकळ्या हवेत मोजलेला. पुढं इंटरकूलर, मागं रेडिएटरची जाळी आली की तो बराच खाली येतो.

आता डिझेलचं. फॅनला व्हिस्कस कपलिंग (फॅन आणि इंजिन यांच्यामधला तेलाचा क्लच) असेल तर इंजिन थंड असताना तो पूर्ण पकडीत नसतोच, घसरत फिरतो. गरम हवा लागली की आतलं सिलिकॉन तेल पकड घेतं. म्हणजे वाचवण्यासारखं जे होतं ते कंपनीनं आधीच वाचवलंय. दुकानदाराला सेट विकायचाय.

मला संशय आहे तो या कपलिंगवरच. थर्मोस्टॅट नवा, रॉडिंग झालेलं, पाणी जात नाही, फक्त कमी वेगात लोडवर गरम होते. हवा कमी पडतेय असं दिसतं. तपासायला खर्च शून्य. घाट चढून वर आलात, काटा वर असतानाच इंजिन बंद करा आणि क्लीनरला फॅनकडं बघायला सांगा. चांगलं कपलिंग असेल तर इंजिनबरोबर फॅनही जवळजवळ लगेच थांबतो. गिरक्या घेत बसला तर कपलिंग गेलं. नंतर हबभोवती (फॅनच्या मधल्या भागाभोवती) तेलाचा काळा, धूळ चिकटलेला पट्टा आहे का बघा. आणि घाटात त्याचा घोंघाट ऐकू येतो का? निरोगी फॅन पकड घेतो तेव्हा ड्रायव्हरला कळतंच. (इंजिन चालू असताना फॅनमध्ये कागद, काठी घालून ताकद बघायचे प्रकार चालतात, ते अजिबात करू नका.)

अजून दोन गोष्टी. रॉडिंग झालं ते नळ्यांच्या आतून. इंटरकूलर आणि रेडिएटरमधल्या फटीत काय साचलंय ते कुणी बघितलं? चिऱ्याची लाल धूळ, पालापाचोळा, किडे, सगळं तिथं थर धरून बसतं. इंजिनच्या बाजूनं पुढं पाणी मारून धुवा, प्रेशर जवळून मारू नका, जाळीच्या पात्या वाकतात. दुसरं म्हणजे फॅनभोवतीचं कव्हर. त्याचा खालचा तुकडा तुटलेला असला की फॅन रेडिएटरमधून हवा ओढायचं सोडून बाजूचीच गरम हवा घुसळतो.

पाण्यात कूलंट आहे का नुसतं ओढ्याचं पाणी? निम्मं कूलंट निम्मं पाणी असेल तर उकळायला १०७ अंशांच्या आसपास जावं लागतं, आणि रेडिएटरची कॅप दाब धरत असेल तर त्याच्याही बरंच पुढं. कॅपचं रबर बघा.

तासगाव_पिकअप

मी माझ्या पिकअपचा मूळ फॅन काढून १६ इंची इलेक्ट्रिक बसवलाय. द्राक्षं घेऊन तासगाव ते सांगली, मिरज. कधी गरम झाली नाही. इंजिनचा आवाजपण कमी झाला. तुम्ही लोकांना उगाच घाबरवताय.

उचगाव_ऑटोइलेक्ट्रिक

भावा, तासगाव ते मिरज घाट कुठला लागतो? तुझं बसलंय ते तुझ्या रस्त्याला बरोबर आहे. तीच गाडी भरून एकदा मे महिन्यात दुपारी आंबा घाटानं वर आण, मग बोलू. शिवाय १६ इंची फॅन मागून पूर्ण कव्हरसकट बसलाय का? तसा असेल तर १२ इंची उघड्या दोन फॅनशी त्याची बरोबरी करू नकोस.

पालीकर४०७

काल बघितलं. क्लीनर म्हणाला इंजिन बंद केल्यावरही फॅन छान फिरत होता. हबवर काळा तेलकट पट्टा आहे, आणि फटीत मूठभर पालापाचोळा निघाला. कपलिंग बदलतो. पण मला हातखंबा आणि कोल्हापूर शहरातल्या ट्रॅफिकसाठी मदतीला एक इलेक्ट्रिक हवाच आहे, उन्हात उभं राहायला लागतं. मूळ ठेवून, पुढून. त्याचं वायरिंग सांगा ना.

उचगाव_ऑटोइलेक्ट्रिक

मदतनीस म्हणून एक लावा, हरकत नाही. स्विच टाकून थेट जोडणाऱ्याला मात्र गाडीला हात लावू देऊ नका. दहा अँपिअर धावताना, पण सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट. डॅशबोर्डचा स्विच वितळायचा.

४० अँपिअरचा रिले घ्या, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या ३० नंबरच्या पिनेला बॅटरीचा प्लस, ८७ वरून फॅन, ८५ अर्थ, ८६ ला इग्निशनचा सप्लाय थर्मो स्विचमधून (पाणी ठरावीक तापलं की आपोआप चालू होणारा स्विच). इग्निशनचाच घ्या, कायम चालू असलेला नको, नाहीतर गाडी बंद करून जेवायला बसाल आणि फॅन बॅटरी पिऊन टाकेल. फ्यूज २० किंवा २५ चा, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर. फॅनजवळ फ्यूज लावून काही उपयोग नाही, मधली वायर घासली तर तीच पेटणार. वायर ४ स्क्वेअर एमएम, तांब्याची. लग (वायरच्या टोकाचे धातूचे जोड) दाबून बसवलेले हवेत, पिळून टेप मारलेले नकोत. अर्थ गंजलेल्या बोल्टला देऊ नका, पत्रा खरवडून द्या.

थर्मो स्विच ९२–९५ ला चालू, ८५–८७ ला बंद होणारा, वरच्या होजमध्ये ॲडॉप्टर टाकून. थर्मोस्टॅट साधारण ८० च्या पुढं उघडतो, त्यामुळं याहून कमी अंशांचा स्विच घेतलात तर फॅन दिवसभर बंदच होणार नाही. त्याच्या जोडीला केबिनमध्ये एक छोटा हाताचा स्विच ठेवा, घाट लागायच्या आधीच चालू करता येतो.

बसवताना जाळीतून आरपार जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या येतात सेटबरोबर. त्या टाकून द्या. आपल्या रस्त्यावर हादऱ्यांनी घासून नळीला भोक पाडतात. वरखाली फ्रेमला अँगल पट्टी, रबर बुश, मग फॅन. पुढून बसतोय म्हणजे हवा मागं ढकलणारा हवा. नुसती प्लस-मायनस वायर उलटी करून दिशा बदलते, पण पात्याचा वाक उलटा राहतो आणि हवा निम्मी होते. पातं काढून उलटं बसवायची सोय आहे का ते दुकानातच विचारा. बसवून झाल्यावर फॅनच्या पुढं कागद धरा, ओढला गेला पाहिजे.

शेवटी रात्री हेडलाइट, वायपर, टेप, ती रंगीत लायटिंग आणि फॅन, सगळं चालू ठेवून आयडलला (रेस न देता) बॅटरीवर मीटर लावा. १३ व्होल्टच्या वर पाहिजे. खाली आला तर लायटिंग काढायची का अल्टरनेटर मोठा करायचा हे तुमचं तुम्ही ठरवा.

दहाचाकी_मिरज

हाच फॅन मोठ्या ट्रकला चालतो का? माझ्याकडे एक जुना पडून आहे.

उचगाव_ऑटोइलेक्ट्रिक

तुमच्या गाडीत दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये आहेत, २४ व्होल्ट. हा १२ चा फॅन थेट लावला तर जळणार. आणि दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ काढून चालवूही नका : एक बॅटरी उतरत जाते, दुसरी जास्त चार्ज होऊन फुगते. २४ चाच फॅन घ्या. जुना पालीकरांना विकून टाका.

पालीकर४०७

किती इंची आहे? ढकलणारा असेल तर फोटो टाका.