भयपट आणि मालिका दोन्हींत जोरकस काम करणाऱ्या नव्या अभिनेत्री सुचवा

जाईजुई
'खौफ' ही सीरिज संपवली. गीतांजली कुलकर्णीसाठी लावली होती, आणि तिची कॉन्स्टेबल इलू झकासच आहे, पण मी अडकले ती मोनिका पनवारमध्ये. ग्वाल्हेरहून दिल्लीच्या हॉस्टेलवर राहायला आलेली तिची मधू भूत दिसायच्या आधीपासूनच घाबरलेली आहे, आणि ते खांद्यांत, चालण्यात दिसतं. ही बाई आधी 'जामतारा'त होती हे मला शेवटपर्यंत ओळखू आलं नाही.

तर अशा आणखी कोण? गेल्या दहा-बारा वर्षांत पुढे आलेल्या, सीरिज आणि सिनेमा दोन्हींकडे वावरणाऱ्या, आणि भयपटात नुसत्या किंचाळून मरायला न ठेवलेल्या. भाषा कुठलीही चालेल. रक्त थोडं चालेल, आतडीबितडी नकोत. आम्ही चौघी मैत्रिणी शुक्रवारी रात्री एकत्र बघतो. एकेक अभिनेत्री धरून तिची दोन-तीन कामं ओळीने बघायची असा बेत आहे.

वेताळटेकडी
नेल टायगर फ्री. नाव विचित्र आहे, पण खरंच तेच आहे. 'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये मर्सेला होती, फार काही करायला नव्हतं. मग 'सर्व्हंट' आली, २०१९ ते २०२३, चार सीझन. फिलाडेल्फियातल्या एका श्रीमंत घरात बाळ सांभाळायला आलेली लिअॅन. निर्मात्यांत आपले (बरं, पुदुच्चेरीच्या माहेत जन्मलेले, म्हणून आपले) दिग्दर्शक एम. नाइट श्यामलन. भाग अर्ध्या तासाचे, बहुतेक सगळी गोष्ट त्या एका घरात. पहिल्या सीझनमध्ये ही मुलगी जवळजवळ काहीच करत नाही. ताट ठेवते, उभी राहते, बघते. आणि घरातली मोठी माणसं हळूहळू तिला घाबरायला लागतात, आपणही. चार वर्षं एकच पात्र असं चढवत नेणं हे सिनेमात जमत नाही, तिथे तेवढा वेळच नसतो.

त्यानंतर लगेच 'द फर्स्ट ओमेन' (२०२४) बघा. १९७१चं रोम, नन व्हायला आलेली अमेरिकन मुलगी. त्यात रस्त्यावरचा एक प्रसंग आहे, तिचं अख्खं शरीर तिच्या ताब्याबाहेर जातं. १९८१च्या 'पझेशन'मधल्या इझाबेल अजानीच्या भुयारातल्या प्रसंगाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. मात्र बाळंतपणाचा एक सीन फार अंगावर येतो, तुमच्या 'आतडीबितडी नको'त तो कदाचित बसणार नाही. तेवढा डोळे मिटून काढा.

आळशी बोका
मिआ गॉथ! हा धागा तिच्याशिवाय कसा सुरू झाला?

'एक्स' (२०२२) मध्ये तरुण मॅक्सीनही तीच आणि मेकअपखालची म्हातारी पर्लही तीच. बघताना कळत नाही. त्याच वर्षीचा 'पर्ल', १९१८ सालातला, त्या म्हातारीची तरुणपणची गोष्ट. टी वेस्टबरोबर पटकथा मिआने स्वतः लिहिली आहे आणि दोन्ही चित्रपट न्यूझीलंडमध्ये पाठोपाठ चित्रित झाले. त्यात ती नणंदेसमोर बसते आणि नवरा समोर आहे असं समजून मनातलं सगळं बोलते. कॅमेरा मिनिटामागून मिनिटं तिच्या चेहऱ्यावर. नणंद बिचारी ऐकत असते. मी आजवर भयपटात बघितलेला सगळ्यात भीतिदायक प्रसंग हा, आणि त्यात कोणी कोणाला हातही लावत नाही.

'एक्स' ग्रुपमध्ये बघू नका, लैंगिक दृश्यं आणि रक्त दोन्ही भरपूर. थेट 'पर्ल'पासून सुरुवात केली तरी अडत नाही. (त्यातही कुऱ्हाड आहे हं. सांगून ठेवतो.)

वेताळटेकडी
@आळशी बोका, मिआ गॉथ थोर आहे, पण मालिका कुठे? जाईजुईंनी दोन्हींकडे वावरणाऱ्या विचारल्यात. तसं बघायचं तर सोफी थॅचर जास्त बसते. 'यलोजॅकेट्स' २०२१पासून, त्यात तरुण नॅटली. मग 'हेरेटिक' (२०२४), तिथे धर्मप्रचार करत दारोदार फिरणाऱ्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथातल्या दोन मुली आणि दार उघडणारा ह्यू ग्रँट. थॅचर आणि दुसरी क्लोई ईस्ट, दोघीही प्रत्यक्षात मॉर्मन घरांत वाढलेल्या, त्यामुळे त्या मुलींची कुठेही टिंगल होत नाही. पहिला तासभर नुसत्या गप्पा आहेत आणि घाम फुटतो. तुमच्या चौकडीला हाच आधी.

सिंधुदुर्गातला
सगळे सातासमुद्रापार गेलेत. आमच्या आकेरीत शूटिंग झालेली 'रात्रीस खेळ चाले' विसरलात की काय? दुसऱ्या भागातली (२०१९) अपूर्वा नेमळेकरची शेवंता काय कमी होती? अण्णा नाईक खलनायक, पण लोक रात्री साडेदहाला टीव्हीसमोर बसायचे ते शेवंतासाठी. आमच्याकडे तर जेवणं आधी उरकायची. तिसऱ्या भागात ती भूत होऊन आली, मधेच अभिनेत्री बदलली, आणि मग आमच्या घरात कोणी टीव्ही लावला नाही.

मीनाक्षी_ठाणे
शेवंता गाजली, पण तो अभिनय की साडी, गजरा आणि पार्श्वसंगीत, यावर मी वाद घालायला तयार आहे.

मालिकेतून आलेलीच हवी तर अनिता दाते घ्या. 'माझ्या नवऱ्याची बायको' साडेचार वर्षं चालली आणि लोकांनी तिला राधिका मसालेवाली म्हणून कायमची फायलीत लावून टाकली. मालिका चालू असतानाच २०१८मध्ये 'तुंबाड' आला. त्यात ती विनायकची बायको. प्रसंग मोजकेच, पण नवरा रात्री-बेरात्री कुठून सोनं आणतो हे न विचारणारी बाई तिने अशी उभी केली की हावरेपणा त्या घरात किती मुरलाय ते कळतं. आणि मग 'जारण' (२०२५). अमृता सुभाष मध्यवर्ती भूमिकेत, आणि अनिताची गंगुटी. तिला राधिका म्हणून ओळखणाऱ्या माझ्या सासूबाई मध्यंतरापर्यंत 'ही कोण गं?' विचारत होत्या. मी सांगितलं तर विश्वास बसेना.

जाता जाता: 'खौफ'च्या दोन दिग्दर्शकांपैकी पंकज कुमार हेच 'तुंबाड'चे छायाचित्रकार. ओलसर अंधार उगाच ओळखीचा वाटत नाही.

सिंधुदुर्गातला
साडी-गजरा सगळ्याच मालिकांत असतो. शेवंता एकच झाली. असो. 'जारण'ला मात्र अनुमोदन.

न्यूजर्सीकर
एक वेगळा मुद्दा. भयपटातल्या कामाला बक्षीस मिळत नाही असं आपण म्हणतो ते बरंचसं खरं आहे. 'हेरेडिटरी'साठी टोनी कोलेटला ऑस्करचं साधं नामांकनही नव्हतं. २०२५मध्ये 'द सब्स्टन्स'साठी डेमी मूरचं नाव होतं आणि आम्ही इथे रात्री जागून बसलो होतो. बाहुली मिळाली 'अनोरा'च्या मायकी मॅडिसनला. आता गंमत बघा, ही मॅडिसन 'बेटर थिंग्ज' या मालिकेत लहानाची मोठी झाली आणि २०२२च्या 'स्क्रीम'मध्येही होती. म्हणजे भयपटवाली हरली ती दुसऱ्या भयपटवालीकडूनच. तो 'स्क्रीम' बघितलात तर तिच्यावर लक्ष ठेवा, इतकंच म्हणतो.

त्याच 'स्क्रीम'मध्ये जेना ऑर्टेगा आहे. 'वेन्सडे' तर सगळ्यांनी बघितलीच असेल. त्यातला तो नाच तिने स्वतः बसवलेला.

'सब्स्टन्स' तुमच्यासाठी नाही. शेवटचा अर्धा तास आतडीच आहेत.

जाईजुई
बापरे, एका रात्रीत एवढं! धन्यवाद सगळ्यांना. काल 'हेरेटिक' लावला. चौथी मैत्रीण उशी घेऊन बसली होती, तिने ती पहिला तासभर नुसती मांडीवर ठेवली आणि मग एकदम चेहऱ्यावर. क्लोई ईस्ट मला थॅचरपेक्षाही आवडली, आधी बावळट वाटते आणि मग...

पुढच्या शुक्रवारी 'तुंबाड', सगळ्यांनी आधी बघितलाय, पण या वेळी फक्त अनिता दातेकडे बघायचं ठरलंय. हिंदीत आणखी कोणी?

मीनाक्षी_ठाणे
तृप्ती डिमरी, 'बुलबुल' (२०२०). आता ती मोठी स्टार आहे, तेव्हा फारशी कोणाला माहीत नव्हती. जुन्या बंगालमधली उलट्या पावलांची चेटकीण. भीती कमी, दुःख जास्त, आणि तिचं ते मंद हसू चांगलंच लक्षात राहतं. एक अत्याचाराचा प्रसंग आहे, मैत्रिणींना आधी सांगा.

राधिका आपटेला नवी म्हणवत नाही, पण 'फोबिया' (२०१६) आणि तीनच भागांची 'घूल' बघितली नसेल तर जरूर. 'फोबिया'त ती घराबाहेर पाऊल टाकू शकत नाही, बराचसा सिनेमा एका फ्लॅटमध्ये तिच्या जिवावर चालतो.

आळशी बोका
आणि 'लपाछपी'! पूजा सावंत, उसाचं शेत, गरोदर बाई. याच विशाल फुरियांनी पुढे हिंदीत 'छोरी' केला, नुश्रत भरुचाला घेऊन. पण मूळच बघा. पूजासमोर उषा नाईक आहेत, आणि त्या पानात वाढत असताना नुसत्या बघतात तेव्हासुद्धा भीती वाटते.

नवीन_सभासद
नमस्कार, धागा आवडला. आमच्या वहिनीला सातवा महिना आहे आणि तिला भयपट फार आवडतात. 'लपाछपी' दाखवला तर चालेल का?

मीनाक्षी_ठाणे
अहो नको! 'फर्स्ट ओमेन'ही नको. 'मुंज्या' दाखवा, शर्वरी वाघ आहे, हसण्यावारी निघतो. बाकीचे पुढच्या वर्षी.