मदत हवी आहे: कोर्स अर्धवट सोडलेल्यांपर्यंत कसं पोचू?

एमपीएचचा (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) प्रबंध करतेय. विषय: कोविडमुळे ढाका, अक्रा (घाना), लुसाका (झांबिया) इथल्या संशोधन-प्रशिक्षणाचं काय झालं. टीडीआरच्या (जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेला, उष्णकटिबंधीय रोगांवरच्या संशोधनाचा कार्यक्रम) शिष्यवृत्तीवर आसपासच्या देशांतली मुलं तेव्हा तिथल्या विद्यापीठांत शिकत होती. २०२० मध्ये सीमा बंद झाल्या, फील्डवर्क अडकलं.

माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर, लिंक्डइनवर फॉर्म फिरवला. उत्तरं आली ती पदवी मिळालेल्यांचीच. 'झूमवर जमून गेलं' म्हणतात. ज्यांचं जमलं नाही ते गप्प, आणि मला नेमके तेच हवेत. ओळखीतून ओळख काढली तर पुन्हा तीच मंडळी.

विद्यापीठं यादी देत नाहीत (रास्तच आहे). एथिक्स समितीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी) परवानगी फक्त ऑनलाइन मुलाखतींची, मानधन नाही. माझं पत्र तिथल्या विभागानेच परस्पर कोर्स सोडलेल्यांना पाठवायचं ठरवलं, तर एथिक्सकडे सुधारित अर्ज करावा लागेल का? कुणी केलंय असं?