मदत हवी आहे: 'सदर्न ऑरोरा'च्या एचओ मॉडेलला पुढे कोणतं इंजिन लावू?

प्रश्न: ऑस्ट्रेलियातली सिडनी-मेलबर्न रेल्वेगाडी 'सदर्न ऑरोरा' १:८७ (एचओ) मापात करतोय. काळ एप्रिल १९६२, म्हणजे गाडी सुरू झाली तेव्हाचा. डबे तयार आहेत. इंजिनांच्या तीन जुन्या बॉड्या मिळाल्या, रंग खरवडलेले, नंबर नाहीत. तिघींनाही बुलडॉगसारखं गोल नाक. 'अ'ला मागे सपाट कॅब आहे, 'ब'ला दोन्ही टोकांना नाक, 'क' मागून सपाट आणि बिनकॅबची. कोणती चालेल? व्हिक्टोरियात ब्रॉडगेज, मग चाकंही बदलायची का? आणि 'क' १८ इंच रेडियसच्या वळणावर पॉइंटपाशी (जिथे रूळ दोन वाटांना फुटतो) हमखास रुळावरून उतरतं.

डिझेलशेड: 'अ' म्हणजे न्यू साउथ वेल्सचा ४२१ क्लास. तो १९६५-६६ मध्ये आला, तुमच्या तारखेला बसत नाही. 'ब' व्हिक्टोरियाचा बी क्लास, १९५२ पासूनचा. 'क' मात्र न्यू साउथ वेल्सचा ४२, व्हिक्टोरियाचा एस किंवा कॉमनवेल्थचा (केंद्र सरकारच्या रेल्वेचा) जीएम, तिन्हींपैकी काहीही असू शकतं. सगळी ऑस्ट्रेलियाच्या क्लाइड कंपनीने बांधलेली, अमेरिकेच्या इएमडी कंपनीच्या रचनेवरची, भावंडंच. नाकाचा जवळून फोटो टाका.

दोन राज्यांच्या सीमेवरच्या ऑल्बरीला इंजिन बदलायचं, हे विसरू नका. सिडनीकडून ४२ किंवा ४४ क्लास (हाही न्यू साउथ वेल्सचाच), पुढे मेलबर्नपर्यंत एस. 'क'ला निळा-सोनेरी रंग दिलात तर एस, लालसर तपकिरी दिलात तर ४२. बाकी ४४ चं नाक बघून आपल्याकडच्या डब्ल्यूडीएम-१ डिझेल इंजिनाची आठवण येईल. दोन्ही अमेरिकेच्या आल्को कंपनीच्या डीएल५०० घराण्यातली.

चाकांना हात लावू नका. १९६२ मध्ये ऑल्बरी-मेलबर्न स्टँडर्ड गेज (१४३५ मिमी) सुरू झालं, ही गाडी त्याच रुळांवरून जायची. मॉडेलच्या रुळांमधलं १६.५ मिमी अंतर अगदी बरोबर. १६०० मिमी ब्रॉडगेजसाठी १८.४ मिमी लागलं असतं, पण ते करणारे थोडेच.

प्रश्नकर्ता: तारीख १९६८ करतो, म्हणजे ४२१ पण वापरता येईल. डबे तेच ना?

डिझेलशेड: चालतील. पॉवर व्हॅन मात्र जोडाच. गाडीची वीज तिच्यातून यायची, इंजिनातून नाही.

रूळमापे: उतरण्याबद्दल. तीन आसांचा ट्रक (इंजिनाखालची चाकांची फिरती चौकट) वळणावर ताठ राहिला की मधलं चाक आतल्या रुळाला रेटतं आणि फ्लँज (चाकाची बाहेर आलेली कडा) पॉइंटच्या फटीत चढते. मधल्या आसाला बाजूला अर्धा-एक मिमी खेळ हवा. चाकांमधलं आतलं अंतर कॅलिपरने मोजा, साधारण १४.४ मिमी पाहिजे. ते कमी भरलं तर चाक पॉइंटमधल्या गार्ड रेलला (रुळालगतच्या रक्षक पट्टीला) अडतं.

मग इंजिन काचेवर ठेवून प्रत्येक चाकाखालून ट्रेसिंग पेपरची पट्टी ओढा. सहज निघाली तर ते चाक लटकतंय. बऱ्याचदा दोष आसाचा नसतोच, मोटरकडे जाणारी जाड वायर ताणलेली असते आणि ट्रक एका कोपऱ्यातून उचलते. मऊ, बारीक वायर घाला आणि वळणाइतकी ढिली ठेवा. शक्य असेल तर रेडियस २४ इंच करा, ऑरोराचे लांब डबे १८ वर बाहेर झुकलेले वाईट दिसतात.