इंजिन जोडताना लिक्विड सीलंट लावावे की गॅस्केट बसवावे?

प्रश्न :
मोटरसायकलचे सिंगल सिलिंडर इंजिन पूर्ण खोलले असून आता जोडणी करायची आहे. क्रँककेसच्या (इंजिनच्या खालच्या आवरणाच्या) दोन भागांमध्ये मूळचे पॅकिंग (गॅस्केट) नव्हते, केवळ राखाडी सीलंटचा पातळ थर होता. सिलिंडरखाली मात्र कागदी पॅकिंग होते आणि टॅपेट कव्हरला (व्हॉल्व्हवरच्या झाकणाला) रबरी गॅस्केट होते. चांगल्या प्रतीचे सिलिकॉन सीलंट सगळीकडे लावल्यास पॅकिंगची गरजच उरत नाही, असे एका मेकॅनिकचे म्हणणे आहे. ते कितपत योग्य आहे?

प्रतिसाद १ :
योग्य नाही. गळती कशाने थांबेल हा प्रश्न नंतरचा. त्या सांध्यात किती जाडी धरलेली आहे, हे आधी पाहावे. सिलिंडरखालचे पॅकिंग समजा अर्धा मिलिमीटर जाडीचे आहे. त्याच्या जागी नुसते सीलंट लावले, तर बोल्ट आवळताच ते बाजूंनी बाहेर येते आणि सिलिंडर जवळजवळ तेवढाच खाली बसतो. त्यामुळे पिस्टन वरच्या टोकाला असताना हेड (सिलिंडरचे वरचे झाकण) आणि त्याच्यामधले अंतर घटते, कॉम्प्रेशन वाढते आणि मोकळीक मुळातच कमी असलेल्या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनला टेकण्याचा धोका निर्माण होतो.

क्रँककेसचे याच्या उलट आहे. तेथे धातूला धातू टेकेल असे गृहीत धरूनच शाफ्टची आडवी मोकळीक (बाजूला सरकायची जागा) ठरवलेली असते. ‘जास्त सुरक्षित’ म्हणून मध्ये कागद घातला, तर ती मोकळीक बिघडते. थोडक्यात, जेथे जे मूळचे होते तेथे तेच, आणि पॅकिंग असल्यास त्याच जाडीचे.

प्रतिसाद २ :
वरील मताशी सहमत आहे. फक्त, सीलंट म्हणजे सिलिकॉनच, असा समज दिसतो, म्हणून थोडे लिहितो. सिलिकॉन हवेतील ओलाव्याने घट्ट होते आणि रबरासारखे लवचिक राहते, त्यामुळे पत्र्याच्या ऑइल पॅनसारख्या किंचित वाकणाऱ्या भागांना ते चालते. ॲनारोबिक सीलंट हवा तुटल्यावर आणि धातूचा स्पर्श झाल्यावरच घट्ट होते. सपाट, मशीन केलेल्या, ताठ पृष्ठभागांसाठी ते उत्तम, परंतु मोठी फट भरणे त्याचे काम नव्हे. पेट्रोलचा सतत संपर्क असलेल्या ठिकाणी, उदाहरणार्थ कार्ब्युरेटरवर, साधे सिलिकॉन वापरू नये. ते फुगते आणि सुटते.

प्रमाणाबाबत विशेष काळजी घ्यावी. सांधा आवळल्यावर बाहेर जेवढी वळी आलेली दिसते, साधारण तेवढीच आतही आलेली असते. बाहेरची आपण पुसून टाकतो. आतली सुटून तेलात जाते आणि ऑइल पंपाच्या जाळीवर अडकते. दोन-तीन मिलिमीटरची अखंड धार, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने फिरवलेली, पुरेशी असते.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. मग कागदी पॅकिंगला दोन्ही बाजूंनी सीलंट लावावे का? आणि हेड गॅस्केटला?

प्रतिसाद ३ :
हेड गॅस्केट, कंपनीने वेगळे सांगितले नसेल तर, कोरडेच बसवावे. कागदी पॅकिंगही पृष्ठभाग चांगले असल्यास कोरडे बसते. सिलिकॉन चोपडलेले पॅकिंग आवळताना घसरून बाहेर सरकते, हे पुष्कळदा दिसते. टॅपेट कव्हरचे रबर कोरडे ठेवून, अर्धगोल कोपरे असतील तर तेवढ्याच ठिकाणी सीलंटचा एकेक ठिपका द्यावा.

माझ्या मते बहुतेक गळतीचे मूळ सफाईत असते. जुना थर प्लास्टिकच्या स्क्रॅपरने काढावा. ग्राइंडरला खरबरीत चकती लावून घासल्यास ॲल्युमिनियमला खड्डे पडतात आणि चकतीचे कण बेअरिंगपर्यंत पोहोचतात. नंतर पृष्ठभाग सपाट आहे का हे पाहण्यासाठी त्यावर स्टीलची पट्टी उभी धरून खालून फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पाती) जाते का, ते तपासावे. बोल्टची बंद (आरपार नसलेली) भोकेही कोरडी करावीत, कारण त्यांत तेल किंवा सीलंट साचलेले असताना बोल्ट आवळल्यास आतल्या दाबाने केसिंग तडकू शकते.