मदत हवी आहे : पंप्ड स्टोरेजच्या खर्चाचा हिशेब

नमस्कार. पैठणच्या जायकवाडी धरणावर 12 मेगावॅटचा उलट-सुलट चालणारा (वीजही बनवणारा आणि पाणी वरही चढवणारा) संच आहे, म्हणून आमच्या अभ्यासगटात पंप्ड स्टोरेजची, म्हणजे स्वस्त विजेने पाणी वरच्या जलाशयात चढवून गरजेच्या वेळी खाली सोडून वीज बनवण्याची, चर्चा सुरू झाली. पाणी वर चढवायला 100 युनिट लागले, तर परत साधारण 75 ते 80 मिळतात. म्हणजे दुपारची सौरवीज 3 रुपयांनी घेतली, तरी संध्याकाळी निव्वळ विजेपोटीच 4 रुपयांपर्यंत पडतात. इथवर समजते. अडते ते स्थिर खर्चापाशी. बोगदे, जलाशय आणि कर्जाचे व्याज यांचा बोजा प्रति युनिट वाटायचा, की घाटघरसारखा 250 मेगावॅटचा पंप्ड स्टोरेज प्रकल्प गरजेच्या वेळी तयार असतो, म्हणून प्रति मेगावॅट वार्षिक आकार धरायचा?

दुसरे असे की, एक घनमीटर पाणी 400 मीटर उतरले तर जेमतेम एक युनिट वीज मिळते. मग मराठवाड्याच्या सपाट भागात, जिथे उतार कमी आणि उन्हाळ्यात बाष्पीभवन प्रचंड, तिथे हा हिशेब बसवायचा तरी कसा? आमच्या पाण्याचा प्रश्न असल्याने हे नीट समजून घ्यायचे आहे. वीजदर निश्चितीचे काम केलेल्या जाणकारांनी, शक्य असल्यास आकडेमोडीसह, कृपया मार्गदर्शन करावे.