तणीस गोबरगॅसमध्ये घालण्यापूर्वी त्यावर कोणती प्रक्रिया करावी?

प्रश्न
आमची भंडारा जिल्ह्यात धानाची शेती असून घरी दीनबंधू पद्धतीचे गोबरगॅस संयंत्र आहे. गुरे कमी झाल्याने शेण पुरत नाही, मळणीनंतर तणीस (भाताचा पेंढा) मात्र भरपूर उरते. ते शेणात मिसळून घातले, तर वर तरंगून त्याची जाड साय धरते आणि गॅस फारसा वाढत नाही. तणीस आधी कॉस्टिक सोड्यात भिजवावे, असे वाचनात आले. घरगुती संयंत्रासाठी हे योग्य आहे का?

पहिले उत्तर
माझ्या मते नाही. तणसातील सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज हे जिवाणूंचे अन्न असले, तरी त्याभोवती लिग्निन या चिवट घटकाचे वेष्टण असते आणि हवेविना जगणाऱ्या जिवाणूंना ते जवळजवळ पचत नाही. कॉस्टिक सोडा हे वेष्टण सैल करतो, हे खरे. पण त्यातील सोडियम स्लरीतच (संयंत्रातील पातळ काल्यातच) राहते, जास्त झाल्यास मिथेन (गोबरगॅसमधील जळणारा वायू) तयार करणाऱ्या जिवाणूंना मारक ठरते आणि पुढे शेतात जाऊन जमीन बिघडवते. रसायनच वापरायचे असेल, तर विरलेला चुना घ्यावा. त्याचा परिणाम सावकाश होतो, पण मागे कॅल्शियम उरते. मात्र चुन्यातले तणीस एकदम न ओतता शेणात मिसळून थोडे थोडे घालावे, कारण चुन्याने सामू (पीएच) वाढतो आणि मिथेन करणाऱ्या जिवाणूंना तो सातच्या आसपास लागतो.

दुसरे उत्तर
चुन्याच्याही आधी सोपा उपाय करून पाहावा. कडबा कुट्टी यंत्रावर तणसाचे दोन-तीन सेंटीमीटरचे तुकडे करावेत आणि संयंत्रातून बाहेर पडलेल्या स्लरीतच ते काही दिवस झाकून भिजवावेत. तुकडे पाणी शोषून जड होतात, त्यामुळे कमी तरंगतात. शिवाय स्लरीतील अमोनिया आणि जिवाणू कुजण्याला सुरुवात करून देतात. तणसात नत्र फार कमी असते: कर्ब-नत्र गुणोत्तर साधारण 60 च्या पुढे, तर शेणाचे 20 ते 25 आणि संयंत्राला हवे 20 ते 30. म्हणून गोमूत्र मिसळणे लाभदायक ठरते, पण शेणाचा वाटा मोठाच ठेवावा. दीनबंधूचा घुमट पक्का बांधलेला असल्याने आत साचलेली साय फोडणे फार अवघड असते, ही गोष्ट प्रमाण ठरवताना विसरू नये.

तिसरे उत्तर
आपण धिंगरी अळिंबी (तणसावर वाढणारे मशरूम) घेत असाल, तर काढणीनंतर उरलेले तणीस वापरावे. त्या बुरशीने हवेच्या साहाय्याने लिग्निन बरेच फोडलेले असते. ती थोडे सेल्युलोजही खाते, म्हणून केवळ गॅससाठी अळिंबी लावण्यात अर्थ नाही. पंजाबातील लेहरागागा येथे 2022 साली सुरू झालेल्या, दिवसाला 33 टन गॅसची क्षमता असलेल्या प्रकल्पात भाताचा पेंढाच वापरतात, परंतु तिथली यंत्रणा घरच्या टाकीला लागू पडत नाही. आपल्यासाठी बारीक कुट्टी आणि स्लरीत भिजवणे एवढेच आधी करावे.