साखरपुड्याची अंगठी : ३० सेंटचा खाणीतला हिरा की १ कॅरेटचा लॅबमधला? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही अमळनेरचे. तुळशीच्या लग्नानंतर माझा साखरपुडा आहे आणि होणाऱ्या बायकोसाठी हिऱ्याची अंगठी घ्यायचीय. बजेट पाऊण लाख. ती धुळ्याला स्टाफ नर्स आहे. अंगठी कपाटात ठेवायला नको, रोज घालता आली पाहिजे, एवढं एकच तिनं सांगितलंय.

जळगावला दोन दुकानं पाहिली. पाऊण लाखाच्या आसपास खाणीतला ३० सेंटचा (१०० सेंट म्हणजे १ कॅरेट) खडा बसतो, तेवढ्याच पैशात लॅबमधला, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेला, थेट १ कॅरेटचा. शेजारी ठेवले की डोळा मोठ्याकडेच जातो. पण लॅबच्या हिऱ्याचे भाव पडत चाललेत असं दुकानदारच म्हणाला. दोन्ही अंगठ्या १८ कॅरेट सोन्यात. तिथं वडील अडलेत, २२ च्या खाली सोनं घ्यायचं नाही. आजीचं तर एकच, "हिरा मोडमा कोन लेस रे?" मामा सुरतला उधन्यात राहतात. ते म्हणतात, सुटा खडा इकडून घे आणि गावी बसवून घे.

माझी खरी धास्ती वेगळीच आहे. वहिनीच्या अंगठीतला खडा लग्नानंतर सहा महिन्यांत पडला. बट्टीचं पीठ मळून हात धुतला तर कोंदण रिकामं. सगळं पीठ आम्ही चिमूट चिमूट करून चाचपलं, मोरीची जाळी उघडली, सापडला नाही. खडा धरणारी एक काडी वाकली होती आणि तिला शालीचा लाल धागा अडकलेला होता. दुकानदारानं हात वर केले. वहिनी त्या दिवशी जेवली नाही. हे हिच्या वाट्याला यायला नको. काय घेऊ?

प्रतिसाद १
आमचं घर सराफीतलं, म्हणून लिहितो. वडिलांना सांगा, २२ कॅरेट मऊ असतं, बारीक काड्या वाकतात. खड्याला १८ च बरं. त्यावर ७५० चा (म्हणजे ७५ टक्के सोनं) शिक्का आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा हॉलमार्क नंबर, हवा, तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. पण ती हमी फक्त सोन्याची. हिऱ्याचं सर्टिफिकेट वेगळं घ्या, त्याचा नंबर बहुतेक वेळा खड्याच्या कडेवर लेसरनं कोरलेला असतो, भिंगातून जुळवून पाहा. बिलात सोन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहून घ्या. ३० सेंट म्हणजे ०.०६ ग्रॅम, तेवढंही सोन्याच्या भावानं देऊ नका.

पैसे कटवर, म्हणजे पैलू कसे पाडलेत त्यावर घाला, चमक तिथून येते. पिवळ्या सोन्यात आय-जे रंगही (किंचित पिवळसर प्रत) पांढराच वाटतो, व्हीव्हीएसच्या (जवळजवळ निर्दोष खड्याच्या) मागे लागू नका. सेटिंग मात्र बंद घ्या, खड्याभोवती सोन्याची पूर्ण कड असलेली, बसकी. कपड्यात अडकणार नाही. लॅबचा हिराही हिराच आहे, साध्या टेस्टरवर फरक कळत नाही. पण मोडीत फार काही येत नाही, हे धरूनच घ्या. खाणीतल्याचे मोडताना किती पैसे कापतात तेही बिलावर लिहून घ्या.

प्रतिसाद २
दादा, मी पण सिस्टर आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये अंगठी चालतच नाही. वॉर्डातही खड्याची घालू नये, कोंदणाखाली घाण राहते, हातमोजा फाटतो. होणाऱ्या वहिनींना आधी विचारा की "रोज" म्हणजे ड्युटीवर का?

धागाकर्ता
ताई, कालच फोन केला. ती म्हणाली, ड्युटीवर साखळीत ओवून गळ्यात घालेन, हातात संध्याकाळी. आणि १ कॅरेट ऐकून म्हणाली, "एवढा मोठा कशाला, माझी बोटं बारीक आहेत." तर ३० सेंट, बंद सेटिंग, १८ कॅरेट. वडील अजून गप्प आहेत, रविवारी त्यांनाच सोबत घेऊन जळगावला जातोय. एक राहिलं : बंद सेटिंगची अंगठी नंतर सैल-घट्ट करता येते का, की माप आताच नेमकं घ्यावं लागेल?